पाचाच्या ठशाखाली

६ मार्च

ती. मामांना,

नमस्कार. साष्टांग घालायची या वेळी इच्छा नाही, म्हणून नुसताच.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. कच्चं आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने चार शब्द खोडायला लावले.

काल मॅनेजरने आम्हा सगळ्यांना रंगमंचावर बसवून तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. "भाचा मनाने चांगला, पण घाबरट आहे. घाबरटाचा हात ब्रेकवर उशिरा पडतो. वजनं मोजण्यातही चुकला असेल." असेल! मामा, तुम्ही इथे नव्हता. सहा वर्षं तुमच्या हाताखाली रंगमंचाखालच्या त्या तळघरात काढली, पण मला एका शब्दाने विचारलं नाहीत. उलट टपाली निकाल देऊन मोकळे झालात. सख्ख्या मामानेच लिहिलंय म्हटल्यावर आणखी पुरावा कुणाला हवा? दिव्यांवरचा माणूस माझ्याकडे बघून हसला. मॅनेजरने मला घरी बसवलं आहे.

आता काय झालं ते माझ्याकडून वाचा.

तिसऱ्या अंकात बुडालेली मुलगी जमिनीतून वर येते. आधीची मुलगी काम सोडून गेली, म्हणून चोवीस फेब्रुवारीला नवी मुलगी पहिल्यांदाच तळघरातून वर नेणाऱ्या पाळण्यावर उभी राहणार होती. चणीने लहान, सगळे तिला चिमणी म्हणतात. दुपारी तिला पूर्ण पोशाखात काट्यावर उभं केलं. चोपन्न किलो भरली. मी पंचावन्न धरली. दोराच्या दुसऱ्या टोकाला पाच किलोची अकरा वजनं लावली आणि तुमच्या नियमाप्रमाणे एक जास्तीचं, म्हणजे पाळणा आपसूक वर निघावा आणि मी त्याला फक्त ब्रेकने आवरावं. एकूण बारा. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा बोट लावून मोजली. वहीत लिहिली.

चिमणीने टाचेने दोनदा ठोकलं. वरची झडप हातभर खाली उतरली आणि रुळांवरून बाजूला सरकली. मी खिट्टी काढली. हात ब्रेकवर होता, मामा. खिट्टी काढण्याआधीच होता. पण पाळणा सुटला तो गोफणीतल्या दगडासारखा. चार सेकंदांचं काम दोन सेकंदांत झालं. वर खटक्यावर आदळून पाळणा थांबला, चिमणी थांबली नाही. ती उडाली आणि वाकड्या पायावर खाली आली. घोटा मोडला. तिच्या ओरडण्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाटकातलंच समजून. त्या टाळ्या मी खाली उभा राहून ऐकल्या.

तुमचं पत्र मागे घ्या. मॅनेजरला लिहा की न बघता लिहिलं होतं. एवढंच मागतो.

आपला भाचा

अक्षर वाकडं आलं आहे, त्याबद्दल क्षमा असावी.


१० मार्च

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. तू वाकला नाहीस तरी आम्ही देतो.

नववीत शाळा सोडलीस, पण शुद्धलेखन मास्तरला लाजवील असं. अक्षर मात्र या खेपेला झिंगल्यासारखं! तुझी वेलांटी जन्मात कधी ओळीबाहेर गेली नव्हती. हात इतका थरथरतोय म्हणजे मनात काहीतरी खुपतंय. मी मॅनेजरला दुसरं काय लिहिलं?

एकतीस वर्षं मी त्या तळघरात घाम गाळला. शेवटच्या एकोणीस वर्षांत कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही. माझ्या फोटोखाली भिंतीवर तसं रंगवून ठेवलंय, जाता-येता वाचत जा. राजाची कामं करणारे आपले राजे, त्यांच्यासारखा मुख्य नट, ज्याच्या नुसत्या कमरपट्ट्याने लहान पोर दबेल, त्याला मी फुलासारखा वर काढत होतो. पाळणा म्हणजे दुसरं काही नाही रे, तराजू आहे. एका पारड्यात नट, दुसऱ्यात बिडाची वजनं. बीड खोटं बोलत नाही. चुकतो तो माणूस. आणि चुकला तर कबूल करावं, मामावर पेन उगारू नये.

आता एकच विचारतो, त्याचं सरळ उत्तर दे. काटा जुनाच होता ना? तबकडीचा?

माझ्या बहिणीला सांग, शब्द खोडायला लावतेस ते ठीक, पण चार चांगले घालायलाही शिकव पोराला.

मामा


१४ मार्च

ती. मामांना,

नमस्कार.

अक्षराचं कारण सांगणार नव्हतो. आता सांगतो. पाळणा सुटल्यावर मी अंगाचा सगळा भार ब्रेकवर टाकला. चामड्याच्या पट्ट्यातून धूर निघाला. दांडा हातातून निसटला म्हणून चालता पट्टाच मुठीत धरला. दोन्ही तळहातांची कातडी त्याच्याबरोबर गेली. मागचं पत्र बांधलेल्या हाताने, पेन दोन बोटांत धरून लिहिलं होतं. हे ते मनात खुपणाऱ्याचं अक्षर. घाबरटाचा हात उशिरा पडतो म्हणता, तर मग भाजला कसा, हेही मॅनेजरला कळवा.

काट्याचं विचारलंत. काटा नवा होता. मॅनेजरने त्याच सकाळी आणला, लाल आकडे दाखवणारा. तुमचा तबकडीचा काटा भंगारवाला घेऊन गेला. निरोपाच्या दिवशी तुम्ही मला "काट्याला हात लावू नकोस" एवढंच म्हणाला होता, म्हणून मी मॅनेजरला अडवलंसुद्धा. तो म्हणाला, "मामा गेला, आता त्याचा काटाही जाऊ दे." पण तुम्ही हे अशा सुरात विचारता, जणू नव्या काट्यावरचे आकडे मला वाचता येत नसावेत. येतात. नववीपर्यंत आकडे पुरेसे शिकवतात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आधीची मुलगी चांगली उंच होती, चिमणी तिच्या खांद्याला लागते. आधीची जुन्या काट्यावर पन्नास भरायची. चिमणी नव्यावर चोपन्न भरली. मला ते खटकलं. मी मॅनेजरला म्हटलं, "हे बरोबर वाटत नाही." तो म्हणाला, "यंत्राला जास्त कळतं की तुला?" मी गप्प बसलो. वहीत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि गप्प बसलो. माझी चूक असेल तर ही आहे. ब्रेकची नाही.

सोळा एप्रिलला नाटक पुन्हा सुरू होणार आहे. तिसरी मुलगी घेतली आहे. ब्रेकवर दिव्यांवरचा माणूस बसणार. तो त्याच काट्यावर तिला उभी करणार आणि मी मोजली तशीच वजनं मोजणार. मी चुकलो असेन तर ती मुलगी वाचेल. पण मी चुकलो नसेन तर काय? रोज हाच विचार करतो आणि पुढ्यातलं ताट तसंच राहतं. तुम्हाला त्या पाळण्याची नस न् नस माहीत आहे. राग बाजूला ठेवा आणि सांगा, काय झालं असेल?

आपला भाचा


२७ मार्च

चि.,

पत्र पोचलं. हाताला मलम लाव, पाणी लागू देऊ नकोस. झालं ते झालं. काट्याची चर्चा कुणापाशी करू नकोस, त्यातून काही निघायचं नाही. ते काम सोड. इथे माझ्या ओळखीच्या सुताराला माणूस हवाय, मी शब्द टाकलाय. तळघराचं काम सगळ्यांच्या नशिबात नसतं. गुडघा दुखतोय, जास्त लिहवत नाही.

मामा


२ एप्रिल

मामा,

तेरा दिवसांनी सात ओळी!

त्या सात ओळी वाचून मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते. "सुताराकडे येतो" असं पत्र लिहून पाकीटसुद्धा चिकटवलं. आई म्हणाली, "जातोसच तर त्याचं ते धोंडकंही घेऊन जा. दार अडवायला मी दुसरं काही बघीन." धोंडकं म्हणजे तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आठवण म्हणून आणलेलं वजन. तीन वर्षं आमचं दार अडवून पडलं आहे. न पुसता कसं न्यायचं, म्हणून तेलाचं फडकं घेऊन बसलो.

पाचाच्या ठशाखालचं बीड खोलगट लागलं. बोट फिरवलं. रुपयाएवढी जागा कानशीने घासलेली आहे, आणि तिच्या कडेला दुसऱ्या एका आकड्याचं शेपूट राहिलं आहे. मी ते खिडकीत धरलं. मामा, ते सहाचं शेपूट आहे.

वजन पिशवीत घातलं आणि टपाल कचेरीत गेलो.

पार्सलवाला म्हणाला, "काय पाठवायचंय?"

"काही नाही. फक्त वजन करायचंय."

"ही टपाल कचेरी आहे, भाजीची गाडी नाही."

"मग पाठवायचंय. मामाला."

"मामाला लोखंड?" त्याने ते काट्यावर ठेवलं. "सहा किलो."

"पाच असेल. ठसा बघा."

"ठसा तुझा असेल, काटा सरकारचा आहे. सहा."

मी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तो म्हणाला, "चौथ्यांदा केलंस तर माझ्या वैतागासकट साडेसहा भरेल."

बारा सक बाहत्तर. चोपन्न किलोच्या मुलीसमोर मी बाहत्तर किलो टांगले होते. अठरा किलो जास्त. असल्या ओढीपुढे माझे हात काय, तुमचे एकतीस वर्षांचे हातही टिकले नसते.

मग घरी येऊन बाकीचं लक्षात आलं. आधीची उंच मुलगी तुमच्या काट्यावर पन्नास भरायची, ती खरी साठ असणार. तुमची वजनं खोटी होती आणि तुमचा काटाही त्याच मापाने खोटा होता. दोन खोटी एकमेकांना धरून उभी होती, म्हणून पाळणा खरा चालायचा. मॅनेजरने त्यातलं एक भंगारात घातलं आणि दुसरं माझ्या हाती राहिलं.

आणि तुम्हाला हे माहीत होतं! "काटा जुनाच होता ना" असं विचारलंत तेव्हाच तुम्हाला शंका आली होती. माझ्या पत्राने खात्री झाली. त्यानंतर तेरा दिवस तुम्ही काय केलंत? माझ्यासाठी सुतार शोधलात. मला लपवलंत की मला दूर करून स्वतःला लपवलंत? आणि त्या तिसऱ्या मुलीचं काय? तिलाही सुताराकडे पाठवणार होता?

मी मॅनेजरकडे गेलो. त्याने वजन हातात घेऊन खालीवर केलं आणि म्हणाला, "ठसा खोटा आणि तू खरा? घरी बसून कोरून आणलं असशील. ज्या मामाने वाढवलं त्याच्यावर ढकलतोस? वर फोटो बघ आणि लाज बाळग." तळघरातली बाकीची वजनं एकदा काट्यावर ठेवून बघा म्हटलं, तर म्हणाला, "प्रयोग तोंडावर आलाय, मला तुझे खेळ नकोत." तळघराला त्याने कुलूप घातलं आहे.

माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, कारण ती तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलीत. आता फक्त तुमचा शब्द चालेल. सोळा तारखेला चौदा दिवस आहेत. तुमची तेरा दिवसांची सवय पाहता आजच लिहायला बसावं लागेल.

वजन पार्सलने पाठवतो आहे. नुसतं सहा किलो, फडक्यासकट सहा किलो ऐंशी ग्रॅम. पावतीवर शिक्का आहे.

भाचा


७ एप्रिल

चि. भाच्यास,

पार्सल पोचलं. टपालवाला जिना चढून धापा टाकत म्हणाला, "आजोबा, कोणी वैरी आहे का हो तुमचा?" म्हटलं, वैरी कुठला, सख्खा भाचा आहे.

तू मला खोटारडा म्हटलं नाहीस, पण प्रत्येक ओळीत तेच आहे. तर मग खोटं कसं जन्मलं तेही ऐक, आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

राजे वर्षागणिक अंगाने सुटत चालले होते. काट्यावर उभं राहायच्या आधी मुकुट काढायचे, कमरपट्टा काढायचे, जोडे काढायचे. एकदा तर श्वास रोखून उभे राहिले, जशी हवासुद्धा वजनात धरतात! आकडा लिहून झाला की सगळं परत चढवायचे. मी ओरडायचो, ते हसायचे. एक दिवस व्हायचं ते झालं. पाळणा मध्येच अडला. जमिनीच्या वर राजांचं नुसतं मुंडकं. मुकुटासकट. "माझ्या राज्यात सूर्य मावळत नाही" असं ते मुंडकं बोललं आणि प्रेक्षक बाकावरून खाली पडले. मी खालून पाठ लावून पाळणा रेटला. माझा गुडघा गेला तो त्या दिवशी. तुम्हा सगळ्यांना मी जिन्यावरून घसरलो म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजे म्हणाले, एकतर हा राहील नाहीतर मी. मी हात जोडले, तुम्ही पूर्ण पोशाखात काट्यावर उभे राहा, मी कुणाला आकडा सांगणार नाही. छे! आकडा त्यांना स्वतःलाच बघायचा नव्हता. मग मी आणि पडदे रंगवणाऱ्याने डोकं लढवलं. त्याने काट्याची तबकडी नवी रंगवून दिली, खरे सहा तिथे पाच दिसतील अशी. मी चोवीस वजनांवरचा सहा घासून पाच मारला. राजे काट्यावर उभे राहिले. चौऱ्याऐंशीचा माणूस सत्तर भरला. असे खुलले म्हणून सांगू! मुकुट डोक्यावर, पट्टा कमरेला, काही म्हणून काढलं नाही. त्या दिवसापासून पाळणा कधी अडला नाही आणि कधी उडाला नाही. माणसाच्या अभिमानाला खोटा आकडा दिला आणि त्याचा जीव खरा राखला. मला वाटायचं, याहून शहाणं काम आयुष्यात केलं नाही.

पुढे राजे गेले. पडदेवाला गेला. गुपित माझ्या एकट्याचं उरलं. तुला सांगणार होतो. निरोपाच्या दिवशी सांगणार होतो. पण फोटो लावला, त्याखाली "एकही अपघात नाही" लिहिलेलं दिसलं, टाळ्या झाल्या आणि जीभ आत गेली. "काट्याला हात लावू नकोस" एवढं पुटपुटलो आणि मनाला सांगितलं, झालं काम.

आता जे लिहितोय ते तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. मॅनेजरचं पत्र आलं तेव्हा मला नव्या काट्याचं ठाऊक नव्हतं, पण पहिली आठवण माझ्या काट्याचीच झाली. मी म्हटलं, ब्रेकच असू दे. पोराचाच हात चुकलेला असू दे. तुझ्या चुकीसाठी हात जोडले मी. आणि ती झालीच आहे असं समजून पत्र लिहून टाकलं, म्हणजे मग खरीच होईल. तू माझ्यावर रागावलास तर मला उलट बरं वाटतं. माझा मलाच येतो तो राग जास्त खातो.

मॅनेजरला आज सगळं लिहिलं, रजिस्टर केलं. नक्कल सोबत आहे. त्यात म्हटलंय, उरलेली तेवीस वजनं काट्यावर ठेवल्याशिवाय पाळण्यावर मांजरसुद्धा चढवू नका, आणि तो फोटो उतरवा.

वजन परत पाठवतोय. पाच घासून सहा मीच मारला. एक ठोका अंगठ्यावर बसला, ठीकच झालं. सोबत आकड्यांच्या ठशांची पेटी आहे. त्यात पाचाचा ठसा झिजलाय. सहाचा अजून धारदार आहे.

मामा


२१ एप्रिल

ती. मामांना,

नमस्कार. साष्टांग अजून नाही.

तुमचं पत्र मॅनेजरला दहा तारखेला मिळालं. अकराला त्याने मला बोलावून घेतलं. तेवीसच्या तेवीस वजनं एकेक करून नव्या काट्यावर ठेवली. तेवीस वेळा लाल अक्षरात सहा. दहाव्यानंतर मॅनेजर बघायचा थांबला, पण मी थांबलो नाही. दिव्यांवरच्या माणसाला पुढची उचलून द्यायला लावली. मॅनेजरने माझी क्षमा मागितली नाही. "उद्यापासून ये," एवढं म्हणाला. मी म्हटलं, ज्या जागी सगळ्यांना बसवून मामांचं पहिलं पत्र वाचलंत, त्याच जागी दुसरंही वाचा, मग येतो. त्याने वाचलं. राजांच्या मुंडक्यापाशी सगळे हसले. मी हसलो नाही.

वजनांवरचे पाच घासून सहा मारायला मला दोन दिवस लागले. तळहात पुन्हा फाटले. कोणाला हात लावू दिला नाही. फोटो मॅनेजरने उतरवला नाही, खालची ओळ मात्र पांढऱ्या रंगाने पुसून घेतली. पांढऱ्यातून ती अजून वाचता येते.

सोळाला तिसरी मुलगी वर गेली. सत्तावन्न भरली. साठ धरली, सहाची दहा आणि एक जास्तीचं, अकरा. चार सेकंद लागले. खटका बसल्याचा आवाज आला तेव्हा मी वजनांच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. घाबरट आहे हे तुमचं खरं आहे. पण हात वेळेवर होता.

त्याआधी मी चिमणीकडे गेलो होतो. पाय उशीवर ठेवून बसली होती. तिला सगळं सांगितलं, राजांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे एका म्हाताऱ्याचं पोट झाकायला माझा पाय गेला." मी म्हटलं, तसंच. ती म्हणाली, "आणि तू? तुला खटकलं होतं ना?" मी म्हटलं, हो, वहीत प्रश्नचिन्ह काढलं होतं. ती म्हणाली, "ते प्रश्नचिन्ह मला दाखवलं असतंस तर मी चढले नसते." आता काट्यावरचा आकडा आणि वजनांची संख्या मी पाळण्यावर चढणाऱ्याच्या हातात लिहून देतो. पटलं नाही तर चढू नका म्हणतो. मॅनेजरला ते आवडत नाही.

तुम्ही चिमणीला पत्र लिहा. माझ्या वतीने नाही, तुमच्या वतीने. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. ती उत्तर देईलच असं नाही.

एक हिशोब मी करायला नको होता, पण केला. चिमणी चोपन्न किलो. सहाची नऊ आणि एक, म्हणजे दहा वजनं लागायला हवी होती. तुमच्या त्या खोट्या तबकडीवर ती पंचेचाळीस भरली असती. खोट्या पाचाची नऊ आणि एक. दहाच. तुम्ही असता तर दहा टाकली असती आणि ती आज चालत असती. मी बारा टाकली, कारण जे लिहिलेलं होतं ते मी खरं धरलं. मामा, ते तुमच्याच हाताने लिहिलेलं होतं.

माझा राग गेलेला नाही, जाईल असं सध्या वाटतही नाही. तुम्ही परत पाठवलेलं वजन दाराला लावलं आहे.

आई तुमच्या गुडघ्याची चौकशी करते. जिन्यावरून पडला नव्हता हे मी तिला सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगा. तिला सविस्तर लिहा. मला वेगळं पत्र लिहायची गरज नाही. तिची पत्रं तिला मीच वाचून दाखवतो.

आपला भाचा